वर बर्फ, खाली आंबलेलं दूध : फ्रीजमधल्या पंख्याच्या मोटरीचा नगरी इतिहास

तुमच्या घरात डबल डोअर फ्रीज असेल तर एक गोष्ट करून बघा. कॉम्प्रेसर चालू असताना वरच्या फ्रीजरचं दार उघडा. चौकटीत एक छोटं बटण दिसेल. (अगदी नव्या मॉडेलांत ते दिसणार नाही, तिथे दारातल्या चुंबकावर चालणारा स्विच असतो.) ते बटण बोटाने दाबून धरा. मागच्या पत्र्याआडून बारीक घर्र असा आवाज येईल आणि हाताला गार हवेचा झोत लागेल. हा फ्रीजमधला पंखा. दार उघडलं की तो थांबतो, म्हणून आयुष्यभर फ्रीज वापरूनही अनेकांना त्याचा पत्ताच नसतो. पत्ता लागतो तो बंद पडल्यावर, तोही थेट नाही. वरचा बर्फ अजून टणक असतो पण खालच्या खणातलं दूध सकाळी नासलेलं निघतं. मग मेकॅनिकला फोन जातो आणि फोनवरच निदान होतं: गॅस गेला असेल.

माझं संशोधन दुरुस्तीच्या इतिहासाचं आहे. यंत्र कुणी शोधलं, कुठल्या कंपनीने आणलं यावर भरपूर लिहून झालंय. ते बिघडल्यावर त्यात काय झालंय हे कुणाला कळत होतं, कशावरून कळत होतं आणि ते कळणं पुढे का बदललं, हा माझा प्रश्न. त्यासाठी मी नगर जिल्हा घेतला. (नाव आता अहिल्यानगर झालंय, जुन्या काळाबद्दल बोलताना तोंडात अजून नगरच येतं, तेव्हा सांभाळून घ्या.) आणि या लेखापुरती हाताच्या मुठीत मावेल एवढी एक मोटर.

आधी पंखा नव्हता

भारतात फ्रीज बनवायला सुरुवात गोदरेजने १९५८ मध्ये केली. मग केल्व्हिनेटर, ऑल्विन वगैरे आले. ही सगळी पिढी एका दाराची. वरच्या कोपऱ्यात ॲल्युमिनियमची बर्फाची पेटी, तिच्या भिंतीतूनच गॅस फिरणार, गार हवा जड म्हणून आपोआप खाली उतरणार. यालाच आज दुकानदार डायरेक्ट कूल म्हणतात, आणि आजही देशात विकल्या जाणाऱ्या फ्रीजमध्ये याचाच वाटा मोठा आहे. आत हलणारं काही नाही. बिघडण्यासारखं म्हणजे कॉम्प्रेसर, त्याचा रिले आणि ओव्हरलोड, थर्मोस्टॅट, आणि गळणारा गॅस.

गॅस गळायचा बऱ्याचदा घरच्यांच्याच हाताने. पेटीवर बर्फाचा थर चढला की तो खरवडायला सुरी नाहीतर पेचकस घेतला जायचा, आणि त्याचं टोक पातळ ॲल्युमिनियममधून आरपार. त्यामुळे ‘थंड करत नाही’ आणि ‘गॅस गेला’ या दोन वाक्यांची जी गाठ बसली ती त्या काळाला धरून होती. फ्रीज बदलला तरी ती सुटली नाही, ही पुढची गोष्ट.

सरकारी औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्ये, म्हणजे आयटीआयमध्ये, रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचा दोन वर्षांचा ट्रेड असतो. पण तालुक्याच्या गावात फ्रीज उघडणारा माणूस त्याच दारातून आलेला असेलच असं नाही. नगर जिल्ह्यात दुसरा एक रस्ता होता, आणि तो विहिरीतून येत होता. ऊस, विहीर, विजेचा पंप, आणि जळालेली मोटर. श्रीरामपूर, राहुरी, कोपरगाव, संगमनेर, नेवासे, कुठेही जा, मोटर रिवाइंडिंगची दुकानं तुम्हाला दिसतील. तांब्याची तार, पिवळा कागद, वार्निशचा वास. तिथे हात बसलेल्या पोराला वाइंडिंग म्हणजे काय, शॉर्ट म्हणजे काय, बुश घासला की शाफ्ट कसा खेळतो, हे पुस्तकाशिवाय कळत होतं. शहराजवळ नागापूरच्या एमआयडीसीत क्रॉम्प्टन ग्रीव्ह्जचा मोटरींचा कारखाना. म्हणजे मोटर ही या जिल्ह्याला परकी वस्तू कधीच नव्हती. फ्रीजमधली मोटर मात्र वेगळ्या जातीची निघाली.

रांजणगावहून आलेला पंखा

फ्रॉस्ट फ्री फ्रीज अमेरिकेत १९५० च्या दशकाअखेरीस बाजारात होते. आपल्याकडे ते खऱ्या अर्थाने आले १९९० नंतर. १९९५ मध्ये व्हर्लपूलने केल्व्हिनेटर ऑफ इंडिया घेतली आणि नंतर पुणे-नगर रस्त्यावर रांजणगावला फ्रॉस्ट फ्री फ्रीजचा कारखाना टाकला. त्याच वसाहतीत पुढे एलजी आली, हायर आली. नगरहून निघालं तर सत्तरेक किलोमीटरवर, शिरूर ओलांडलं की. जिल्ह्याच्या वेशीवर देशातल्या फ्रीजचं एवढं मोठं केंद्र उभं राहिलं.

या फ्रीजची कल्पना सोपी आहे. गॅसची कॉइल फ्रीजरच्या मागच्या पत्र्याआड लपवायची. पंख्याने हवा त्या कॉइलवरून ओढायची, बरीचशी फ्रीजरमध्ये सोडायची आणि थोडी एका बोगद्यातून खालच्या खणात पाठवायची. हवेतली ओल बर्फ होऊन कॉइलवरच बसते, तुमच्या मटारांवर नाही. मग ठरावीक तासांनी टायमर कॉम्प्रेसर थांबवतो, कॉइलखालचा हीटर लावतो, बर्फ वितळून नळीवाटे मागच्या ट्रेमध्ये जातो.

आता बघा, खालच्या खणात स्वतःची गारवा करणारी कुठलीच वस्तू उरली नाही. तिथे येतो तो पंख्याने ढकललेला गारवा. पंखा थांबला की वरचं काही काळ ठीक राहतं कारण कॉइल शेजारीच आहे, आणि खालचं मरतं. वर बर्फ आणि खाली गरम, याचा अर्थ गॅस शाबूत आहे आणि हवा फिरत नाहीये. एका दाराच्या फ्रीजवर शिकलेल्या डोक्याला हे उलटं वाटतं, आणि इथेच लोकांचे पैसे गेले. गॅस भरण्याची रक्कम पंख्याच्या मोटरीच्या किमतीपेक्षा जास्त होते. गॅस भरायला फ्रीज कित्येक तास बंद ठेवावा लागतो, तेवढ्यात आतला बर्फ वितळतो, अडकलेलं पातं सुटतं, फ्रीज आठ-दहा दिवस छान चालतो आणि मग पुन्हा तेच. मेकॅनिकला प्रामाणिकपणे वाटत राहतं की गॅस कुठेतरी सावकाश गळतोय.

तांब्याच्या दोन कड्या आणि १८० व्होल्ट

या पहिल्या पिढीतली मोटर ‘शेडेड पोल’ जातीची. लोखंडी पत्र्यांची चौकट, तिच्या एका बाजूला तारेचं एकच गुंडाळं, मध्ये फिरणारा रोटर. एका फेजवर चालणाऱ्या मोटरीला सुरुवातीचा धक्का कुठून मिळणार हा नेहमीचा प्रश्न. छतावरच्या पंख्यात त्यासाठी कपॅसिटर असतो. इथे तोही नाही. लोखंडाच्या तोंडापाशी एका कडेला तांब्याच्या जाड कड्या बसवलेल्या असतात. त्या कड्यांमुळे त्या भागातलं चुंबकत्व किंचित मागे रेंगाळतं, त्यामुळे ते एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे सरकल्यासारखं होतं आणि रोटर त्याच्या मागे ओढला जातो.

स्वस्त, साधी, वर्षानुवर्षं चालणारी. पण ताकद अगदी बेताची, आणि घेतलेल्या विजेपैकी बराचसा भाग नुसता गरम होण्यात घालवणारी. दुसरी खोड म्हणजे दोन तारा उलटसुलट जोडून ती उलटी फिरत नाही. दिशा ठरते कड्या कुठल्या बाजूला आहेत त्यावरून. म्हणून तेल द्यायला मोटर खोलली आणि चौकट फिरवून बसवली, की पंखा मजेत फिरतो पण उलटा, आणि हवा जायची तिथे जात नाही. पंखा चालू आहे, आवाज आहे, मोटर शंभर टक्के ठीक आहे, आणि दूध नासतंय. अशा फ्रीजचं निदान करायचं तर पंख्यासमोर कागदाचा कपटा धरून हवा कुठे जाते ते बघावं लागतं.

या मोटरीचा दुबळेपणा नगर जिल्ह्यात कसा बाहेर आला त्यासाठी विजेकडे वळायला हवं.

१९६९ मध्ये केंद्राने ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ काढलं. अमेरिकेत १९३० च्या दशकापासून शेतकऱ्यांच्या वीज सहकारी संस्था होत्या. त्यांच्या राष्ट्रीय संघटनेतल्या तज्ज्ञांचा सल्ला घेऊन भारतात पाच प्रायोगिक संस्था सुरू झाल्या. गुजरातेत कोडिनार, कर्नाटकात हुक्केरी, तेव्हाच्या आंध्रात सिरसिल्ला, उत्तर प्रदेशात लखनौ, आणि महाराष्ट्रात आपली मुळा-प्रवरा इलेक्ट्रिक को-ऑपरेटिव्ह सोसायटी, श्रीरामपूर. प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना १९५० पासून उभा होता, तेव्हा वीजही सहकारातून हे इथे कुणाला विचित्र वाटलं नसणार. संस्था वीज मंडळाकडून घाऊक वीज घ्यायची आणि श्रीरामपूर, राहुरी आणि आसपासच्या तालुक्यांतल्या गावांना पुरवायची. पुढे मंडळाची, आणि २००५ मध्ये मंडळाचं विभाजन झाल्यावर महावितरणची, थकबाकी डोंगराएवढी झाली. ३१ जानेवारी २०११ ला संस्थेचा परवाना संपला आणि वितरण महावितरणकडे गेलं. हा सगळा मोठा राजकीय इतिहास आहे आणि त्यावर लिहिणारे आहेत. मला त्यातली तारेच्या शेवटच्या टोकाला उरणारी व्होल्टची संख्या हवी आहे.

कारण या भागात माणसं गावठाणात कमी आणि मळ्यातल्या वस्तीवर जास्त राहतात. घराची लाइट आणि विहिरीची मोटर एकाच डीपीवर. शेतीपंपांची आकारणी मीटरऐवजी एचपीवर, त्यामुळे डीपीवर खरा भार किती याचा हिशेब कुणाकडेच नीट नाही. थ्री फेज यायची वेळ झाली की सगळे पंप एकदम चालू. उरलेल्या वेळात नुसती सिंगल फेज सोडलेली असायची, ती घरांतल्या दिव्यांसाठी; पण कपॅसिटर लावून त्यावरही पंप चालवले जायचे. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत तर ग्रामीण भागात दिवसातले बारा-बारा तास लाइट नसायची, आणि आली की प्रत्येकाला पाणी भरून घ्यायची घाई. पुढे गावठाणाचे फीडर शेतीच्या फीडरपासून वेगळे करायची योजना आली. गावठाणाला त्याचा फायदा झाला. वस्ती मात्र बहुधा शेतीच्याच तारेवर राहिली.

वीज नियमांनुसार घरात २३० व्होल्टच्या सहा टक्के वर किंवा खाली एवढीच सूट. म्हणजे साधारण २१६ ते २४४. समजा वस्तीवर संध्याकाळी १८० येतात. या मोटरीची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात उतरते: १८० भागिले २३०, त्याचा वर्ग, म्हणजे सुमारे ०.६१. व्होल्टेज बावीस टक्क्यांनी कमी झालं आणि ताकद जवळपास चाळीस टक्क्यांनी गेली. त्यात बुशमधलं तेल फ्रीजरच्या थंडीत घट्ट झालेलं. कॉम्प्रेसर कसाबसा उचलतो, पंखा मात्र नुसता गुणगुणत उभा राहतो. तो लगेच जळतही नाही, कारण थांबलेल्या अवस्थेतही ही मोटर फार जास्त करंट ओढत नाही. मध्यरात्री पंप बंद झाले, व्होल्टेज वर आलं, की पंखा आपला आपण चालू.

आता हीच मोटर काढून तालुक्याच्या दुकानात आणा. दुकानात दाब बरा, टेबलावरची हवा तीस अंश, तेल पातळ. वायर लावली की भन्नाट फिरते. निदान: मोटर चांगली आहे, दोष दुसरीकडे. दोष दुकानात येतच नव्हता. तो वस्तीवर, संध्याकाळी सात ते दहा या वेळात राहत होता. मला या मोटरीत रस वाटला तो इथे. यंत्राचा बिघाड यंत्रात असतो असं आपण धरून चालतो, आणि इथे तो अर्धा बुशमध्ये आणि अर्धा डीपीवर होता.

तरी जाणत्या मेकॅनिकांकडे यावर विजेशिवायची परीक्षा होती. फ्रीजरचा मागचा पत्रा काढायचा, पातं बोटाने टिचकी मारून फिरवायचं आणि बघायचं. बुश मोकळा असेल तर पातं दोन-चार गरके मारून सावकाश थांबतं. जागच्या जागी थांबलं तर बुश सुका. ही परीक्षा फ्रीजमध्ये, गार असतानाच घ्यायची. मोटर बाहेर काढून उन्हात ठेवली की परीक्षेचा अर्थ गेला. उपाय म्हणजे तेलाचे दोन थेंब, शिलाई मशीनचं. घरात हाताशी असतं म्हणून खोबरेल घालणारेही भेटतात. खोबरेल चोवीस-पंचवीस अंशांखाली गोठतं हे आपल्याला थंडीतल्या बाटलीवरून माहीत आहे. उणे अठराला त्याचं काय होत असेल ते तुम्हीच ठरवा. आणि बुश एकदा घासून मोठा झाला, शाफ्ट डुगडुगायला लागला, की कुठलंच तेल कामाचं नाही, मोटर बदलायची.

बर्फाचा नकाशा

पत्रा काढल्यावर पंख्याच्या आधी बघायची गोष्ट म्हणजे कॉइल. पंख्याचा म्हणून सांगितलेला बिघाड कित्येकदा पंख्याचा नसतोच. कॉइलवर सगळीकडे जाड पांढरा बर्फ बसून पातंही त्यात अडकलं असेल, तर गुन्हेगार डीफ्रॉस्टची साखळी: हीटर, त्याच्या शेजारचं बायमेटल, थर्मल फ्यूज, टायमर. तिथे नवी मोटर घातली तरी आठवडाभराने तीही बर्फात अडकणार. कॉइलच्या सुरुवातीच्या एक-दोन वेढ्यांवरच बर्फ आणि पुढे कोरडी असेल, तर खरंच गॅस कमी आहे. कॉइलवर सारखा पातळ दंव आणि पंखा मोकळा पण थांबलेला असेल, तरच मोटरीकडे वळायचं. पत्र्याचे चार स्क्रू काढून हा नकाशा वाचला की गॅस, हीटर आणि मोटर हे तिन्ही प्रश्न एका नजरेत वेगळे होतात. ज्याने पत्राच काढला नाही तो यातला कुठलाही एक सांगू शकतो.

भारनियमनाने या नकाशातही गोंधळ घातला. लाइट गेल्यावर कॉइलवरचं दंव अर्धवट वितळतं, पाणी नळीकडे जायच्या आत लाइट येते, आणि तेच पाणी पात्याच्या कडेला गोठतं. पात्याची टोकं बर्फाला घासून कर्र कर्र आवाज येतो आणि घरचे म्हणतात मोटर गेली. हा बर्फ पेचकसने फोडू नका. फ्रीज बंद करून दार रात्रभर उघडं ठेवलं की काम होतं. नव्या फ्रीजमधला गॅस बहुतेक आयसोब्युटेन असतो, म्हणजे घरगुती सिलिंडरमधल्या गॅसचा भाऊच. कॉइलला भोक पडलं तर नुसतं थंड होणं थांबण्यावर भागणार नाही.

मोटरीवर आलो की पुढचं हत्यार सिरीज बोर्ड. लाकडी फळी, एक होल्डर, शंभरचा पिवळा बल्ब, दोन सुट्या वायरी. जी वस्तू तपासायची ती बल्बच्या रांगेत येते. मोटरीचं वाइंडिंग शॉर्ट असेल तर बल्ब भक्क पेटतो. तार तुटलेली असेल तर बल्ब मेलेला आणि मोटरही गप्प. बल्ब जेमतेम लाल किंवा काळाच आणि मोटर फिरतेय, म्हणजे ठीक. वाचता न येणाऱ्यालाही वापरता येणारं हे मोजमाप. पंपाच्या मोटरीला चालतं, मिक्सरला चालतं, इस्त्रीला चालतं, आणि फ्रीजच्या पंख्यालाही चालत होतं. मल्टिमीटर असला तर त्याच मोटरीचं वाइंडिंग काही शे ओहम दाखवतं, पण बल्बने जे सांगितलं त्यात त्याने फार भर पडत नाही.

चार तारांची मोटर

ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची ताऱ्यांची लेबलं २००६ मध्ये आली, तेव्हा ती ऐच्छिक होती. फ्रॉस्ट फ्री फ्रीजसाठी ती जानेवारी २०१० पासून सक्तीची झाली. एक तारा जास्त मिळवायचा तर वीज कुठे गळतेय हे शोधणं आलं, आणि कारखान्यातल्या इंजिनिअरांची नजर या पंख्यावर गेली नसती तरच नवल. शेडेड पोल मोटर दहा-बारा वॅट घेते आणि बहुतेकांची उष्णता करते, तीही फ्रीजरच्या आत. म्हणजे ग्राहक त्या विजेचे पैसे दोनदा भरतो: एकदा ती जाळायला, आणि पुन्हा ती उष्णता कॉम्प्रेसरकरवी बाहेर काढायला. त्याजागी चुंबकाचा रोटर असलेली बारा व्होल्ट डीसीची ब्रशलेस मोटर दोन-चार वॅटमध्ये तेवढीच हवा देते, वर तिचा वेगही कमी-जास्त करता येतो. निर्णय अगदी बरोबर होता, हे मी मुद्दाम नोंदवतो. जुनी मोटर परत यावी असं माझं म्हणणं नाही.

पण या मोटरीला दोनऐवजी तीन किंवा चार तारा असतात. एक बारा व्होल्टची, एक ग्राउंड, एक वेग सांगणारी, आणि एक मोटरीकडून मागे पीसीबीला ठोके पाठवणारी, की मी फिरतेय. रंग कंपनीगणिक वेगळे. आणि या मोटरीला सिरीज बोर्ड लावला तर आतलं चिमुकलं सर्किट त्याच क्षणी संपतं. ज्या साधनाने जुन्या मोटरीचा दोष कळायचा तेच साधन नव्या, चांगल्या मोटरीचा जीव घेतं. बोटाच्या टिचकीचंही तेच. चुंबकामुळे पातं मुळातच अडखळत, टप्प्याटप्प्याने फिरतं. जुन्या मोटरीवर तयार झालेलं बोट त्याला ‘जाम’ म्हणतं. मल्टिमीटरने ओहम मोजावेत तर मध्ये सर्किट असल्यामुळे आकड्याला अर्थ नाही. बोट, बल्ब आणि ओहम, तिन्ही एकदम गेले.

उरलं व्होल्ट मोजणं, आणि त्यातही एक खड्डा आहे. पीसीबी मोटरीला बारा व्होल्ट देतं आणि ठोक्यांची वाट बघतं. ठोके आले नाहीत तर काही सेकंदांत पुरवठा तोडतं, काही मिनिटं थांबतं, मग पुन्हा प्रयत्न. मेकॅनिक येतो, पत्रा काढतो, सॉकेटवर मीटर लावतो आणि शून्य वाचतो. पुरवठाच नाही, म्हणजे पीसीबी गेलं. मोटर काही शे रुपयांची, पीसीबी काही हजारांचं. नवं पीसीबी आणून बसवलं जातं, पंखा तरीही फिरत नाही, कारण खराब मोटरच होती. बिल दोन्हींचं होतं, आणि मेकॅनिकचं त्या गल्लीतलं नावही जातं.

बरोबर रीत अशी: फ्रीज बंद असताना मीटरच्या वायरी सॉकेटमध्ये खोचून ठेवायच्या, दाराचं बटण चिकटपट्टीने दाबून ठेवायचं, मग फ्रीज चालू करून आकड्याकडे डोळे लावून बसायचं. पंखा कॉम्प्रेसरनंतर थोड्या उशिराने लागतो, तेव्हा घाई नाही. काही सेकंद बारा व्होल्ट येऊन गेले आणि पातं मोकळं असूनही हललं नाही, तर मोटर. व्होल्ट एकदाही आलेच नाहीत, तर वायर, दाराचा स्विच किंवा पीसीबी. मोटरसायकलच्या बॅटरीवर मोटर सुटी चालवून बघण्याची युक्ती मी एकाहून जास्त दुकानांत पाहिली. ती चांगली आहे, मात्र काही मोटरींत वेगाची तार वेगळी असते आणि नुसत्या बारा व्होल्टवर त्या हलत नाहीत. तिथे युक्ती फसते आणि चांगली मोटर भंगारात जाते. पीसीबीला हात लावताना प्लग काढलेला असला तरी थोडा वेळ थांबा, कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो.

वस्तीवरच्या व्होल्टेजचं काय झालं? कमी दाबाचा त्रास या मोटरीला होत नाही, कारण पीसीबी आपल्यापुरते बारा व्होल्ट बनवून घेतं. इथे नवी मोटर सरळसरळ सरस आहे. त्रास उलट्या बाजूने आला. खांबावर न्यूट्रल तुटला की घरात चारशेच्या आसपास दाब शिरतो. जुनी मोटर अशा वेळी कधी वाचायची, कधी वाइंडिंग काळं पडायचं. आता पीसीबी जातं, आणि त्याच्यासोबत पंखा, हीटर, कॉम्प्रेसर सगळ्यांचं नियंत्रण. म्हणून फ्रीजशेजारचा स्टॅबिलायझर, ज्याची नव्या फ्रीजला गरज नाही असं दुकानात सांगतात, वस्तीवरची माणसं काढायला तयार नसतात. मला त्यांचं बरोबर वाटतं, अर्थात तो स्टॅबिलायझर जास्त दाबाला पुरवठा तोडणारा असेल तर.

गॅससाठी जग आलं होतं

शेवटी एका तुलनेकडे लक्ष वेधतो. ओझोनच्या थरासाठीच्या माँट्रियल करारामुळे भारतात जुना सीएफसी गॅस बंद करायचा होता. त्यासाठी आंतरराष्ट्रीय निधी आला आणि २००४ नंतरच्या राष्ट्रीय योजनेत देशभर छोट्या दुकानांतल्या हजारो मेकॅनिकना प्रशिक्षण मिळालं: नवा गॅस कसा भरायचा, जुना हवेत न सोडता कसा काढून घ्यायचा. कंपनीच्या पगारावर नसलेला, फळीवर दुकान मांडलेला माणूस या योजनेने शिकवण्यालायक धरला. पंख्याची मोटर दोन तारांवरून चार तारांवर गेली तेव्हा तिच्यामागे कुठलाही करार नव्हता. कंपन्यांनी आपापल्या अधिकृत सेवा केंद्रांना शिकवलं. बाकीच्यांनी जळलेल्या मोटरी आणि बुडालेली बिलं यांतून, आणि आता मोबाइलवरच्या व्हिडिओंतून शिकून घेतलं. त्यामुळे आजही गॅसबद्दल आत्मविश्वासाने बोलणारा मेकॅनिक पंख्यापाशी येऊन चाचपडतो, आणि ज्याच्यात हात बसलाय तेच निदान आधी सुचतं यात नवल नाही.

दरम्यान पारनेर तालुक्यात सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत मिडिया या चिनी कंपनीचा घरगुती उपकरणांचा मोठा प्रकल्प उभा राहिला; त्याची पायाभरणी २०१८ ची. पूर्वी वेशीबाहेर रांजणगावला होतं ते आता जिल्ह्याच्या आत आलंय. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला त्याचं पोर्टल सुरू केलं. कंपन्यांची मॅन्युअल, वॉरंटी, सेवा केंद्रं यांची माहिती ग्राहकाला एका जागी मिळावी ही त्यामागची कल्पना. राहुरी-श्रीरामपूरकडच्या दुकानांत मात्र मला जे कागद भिंतीला चिकटवलेले दिसले ते हाताने लिहिलेले होते. कुठल्या मॉडेलला कुठल्या रंगाची तार बारा व्होल्टची, कुठली ठोक्यांची, आणि पीसीबी एकदा थांबलं की किती मिनिटांनी पुन्हा प्रयत्न करतं.

तुमच्याकडे मेकॅनिक आला आणि त्याने पत्रा न काढता गॅस सांगितला, तर आधी पत्रा काढायला सांगा आणि स्वतः वाकून कॉइल बघा. पीसीबी बदलायचं म्हणाला, तर मीटर लावून ठेवून फ्रीज चालू करून बघितलंत का, एवढं विचारा. बघितलं असेल तर तो तुम्हाला किती सेकंद व्होल्ट आले ते सांगेल.